पाठपोट

मुलुंडला कॉलेजसमोर, गल्लीच्या तोंडाशी
मी झेरॉक्स काढतो.
एक बाजू दोन रुपये, पाठपोट तीन.
आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला,
कुणाच्या तरी आजोबांचा शाळा सोडल्याचा उतारा,
घडीवर फाटलेला, चिकटपट्टीनं सांधलेला.
तीन प्रती द्या, म्हणतात. नको, पाचच द्या, असू देत.
एक प्रत जास्त असली
की माणूस थोडा जास्त शिल्लक राहतो,
असं वाटत असावं.

आणि माझ्या खिशातल्या फोनमध्ये
ग्रीष्माची एकही ओळ नाही.

तिनंच लावलं होतं ते. वाचलं की गेलं.
रात्री दीड वाजेपर्यंत बोलायचो,
सकाळी उघडावं तर पांढरा पडदा:
इथे अजून काही नाही, सुरुवात करा.
अजून काही नाही!
दीड वर्ष रोज सकाळी
आमची ओळखच झालेली नसायची.

आधी राग आला होता.
मग कळलं, घरी तिचा भाऊ
जेवणं झाली की हात पुढे करतो.
आण इकडे.
आणि अंगठा वरखाली फिरवत
तिचा दिवस वाचून काढतो.
त्याला काय सापडतं,
मावशीचे सुविचार, प्रॅक्टिकलच्या नोट्स,
सिलिंडरचा ओटीपी.

मग मी पाठ करायला लागलो.
वाचायचं, डोळे मिटायचे,
मनात दोनदा म्हणायचं, मगच बंद.
पण ते पाढ्यांसारखं राहत नाही.
"आज डोकं दुखतंय" राहिलं, कशानं ते गेलं.
"तू हसतोस ना तेव्हा" राहिलं,
पुढचं गेलं.
पुढचं आता मीच भरतो, रोज वेगळं.

भांडणात तर पंचाईतच.
तू म्हणाली होतीस.
कधी?
मंगळवारी.
दाखव.
दाखवणार काय, कपाळ?
ती म्हणे येणार होती,
मी म्हणे नको म्हटलं होतं.
सगळं असं "म्हणे"वर चाललेलं.

एकदा रात्री अडीचला तिनं लांबलचक लिहिलं.
घरचं, मिरजेच्या नर्सिंग कॉलेजचं,
आणि शेवटी, चार ओळींत, माझं.
मला असं कुणी कधी लिहिलं नव्हतं.
मी दोन बटणं एकदम दाबली.
हाताची सवय, दुसरं काय,
कागद समोर आला की प्रत काढायची.
तिकडे तिला तत्काळ कळलं.
फोन चुगली करतो.
"तू पण दादाच निघालास."
मी ते धड वाचेपर्यंत तेही नव्हतं.

फोटो मी त्याच रात्री पुसला.
पण पुसला, हे कसं दाखवतात?

सोळा दिवसांनी ती दुकानात आली.
निळी फाइल. मार्कशीट, डोमिसाइल, आधार.
"तीन-तीन. पाठपोट असेल तिथे पाठपोट."
मागे पाच-सहा जण. नजर फाइलीवर.
काचेखालून उजेड सरकत गेला,
तिच्या आईच्या नावावरून, जन्मतारखेवरून,
केमिस्ट्रीच्या एकोणसाठवरून,
शाळेतल्या दोन वेण्यांच्या फोटोवरून.
मार्कशीटची चौथी प्रत निघाली.
मी नाही काढली, शप्पथ. मशीन अडखळतं कधीकधी.
जादा निघालेले कागद खोक्यात पडतात,
संध्याकाळी शेजारी जातात, भजी बांधायला.

मी ती प्रत तिच्यासमोर धरली
आणि फाडली.
आडवी, उभी, परत आडवी.
ती बघत होती.

मग काहीतरी बोलली.
नेमका तेव्हाच मागून कुणी ओरडला,
कलर आहे का कलर?
मी म्हटलं, काय?
"गेलं," ती म्हणाली.
हसली की नाही, नक्की सांगता येणार नाही.
सुटे पैसे काउंटरवरच राहिले.

ओठ मात्र मी पाहिले होते.
चार अक्षरं असावीत.
किंवा पाच.